ब्रूनोचे वजन, भुंकणे आणि गुरगुरणे: फ्लॅटमधल्या लॅब्रेडॉरच्या दिनक्रमाविषयी

आपण विचारलेल्या गोष्टी आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे उत्तर वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ लागेल. पुण्यातल्या एका सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर आपला टू बीएचके फ्लॅट आहे; घरात आपण, यजमान, नऊ वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. ब्रूनो हा चार वर्षांचा, नसबंदी झालेला लॅब्रेडॉर. त्याचे वजन 41 किलोवर गेले आहे, तरी सकाळी तो कोरड्या खाद्याला तोंड लावत नाही आणि पोळी-दुधाची वाट पाहत बसतो. पावसाळा सुरू झाल्यापासून पुढचे पंजे सतत चाटतो. सासूबाई चार वाजता भजनी मंडळाला गेल्या आणि मुलगा शिकवणीला गेला की तो दोन तास भुंकतो. त्यावरून शेजाऱ्यांनी तक्रार केली आणि सोसायटीने त्याला लिफ्टमधून नेऊ नये अशी नोटीस लावली. मागच्या आठवड्यात जेवताना टेबलाखाली पडलेला पनीरचा तुकडा उचलायला मुलाने हात घातला, तेव्हा ब्रूनो त्याच्यावर गुरगुरला आणि यजमानांनी त्याला वर्तमानपत्राच्या गुंडाळीने मारले. आता खाद्य बदलावे, ट्रेनर लावावा की त्याला गावी शेतावर पाठवून द्यावे, असा आपला प्रश्न आहे.

पाळीव प्राण्यांचा डॉक्टर म्हणून अनेक वर्षे काम केल्यावर माझे मत असे झाले आहे की अशा तक्रारी एकेकट्या सोडवायला गेले की त्या सुटत नाहीत. ब्रूनोच्या घरात चार माणसे आहेत आणि चौघेही त्याच्यावर माया करतात, हे आपल्या पत्रातल्या प्रत्येक ओळीतून दिसते. परंतु कोण त्याला काय देतो, केव्हा देतो, कोण त्याला फिरवतो, तो कधी एकटा असतो आणि त्याला निवांत झोप कोठे मिळते, याची बेरीज कोणीच करत नाही. कुत्र्याला मात्र दिवस एकसंध जगावा लागतो. म्हणून शेतावर पाठवण्याचा विचार आपण आधी मनातून काढून टाकावा. चार वर्षे फरशीवर, पंख्याखाली आणि माणसांच्या सहवासात राहिलेले, जाडजूड लॅब्रेडॉर कुत्रे अनोळखी रानात, उन्हात, गोचिडांत आणि तिथल्या कुत्र्यांच्या टोळीत सोडणे म्हणजे त्याचा प्रश्न सोडवणे नव्हे.

घरात लहान मूल आहे, म्हणून गुरगुरण्यापासून सुरुवात करतो.

कुत्रे एकदम चावत नाही. त्याआधी ते बरेच काही सांगत असते आणि त्यातले आपल्याला फक्त शेवटचे, म्हणजे आवाज, ऐकू येतो. पुढच्या वेळी दुरूनच पाहा: तुकड्यावर तोंड टेकलेले असते, पण चघळणे मध्येच थांबते, मान ताठ होते, डोके न हलवता तो फक्त डोळे वळवतो आणि डोळ्याच्या कडेला पांढरा चंद्रकोरीसारखा भाग दिसू लागतो. जीभ एकदा नाकावरून फिरते. ही सगळी 'जवळ येऊ नकोस' असे सांगण्याची त्याची रीत आहे, आणि तिच्याकडे दुर्लक्ष झाले की तो गुरगुरतो. गुरगुरल्याबद्दल मार मिळालेले कुत्रे गुरगुरणे सोडते, पण त्याच्या मनातली धास्ती जात नाही, उलट मुलगा जवळ आला की मार बसतो अशी नवी भीती तिला जोडली जाते. पुढे असे कुत्रे सूचना न देता थेट चावते आणि घरची माणसे म्हणतात की काही कारण नसताना चावला. तेव्हा यजमानांना माझी कळकळीची विनंती आहे की वर्तमानपत्र यापुढे फक्त वाचावे.

नियम दोनच आणि ते घरातल्या सर्वांनी पाळायचे. ब्रूनो खात असताना किंवा त्याच्या अंथरुणावर झोपलेला असताना मुलाने त्याच्याजवळ जायचे नाही, त्याच्या तोंडातली वस्तू ओढायची नाही. आणि आपण सर्व जेवायला बसण्यापूर्वी ब्रूनोने दुसऱ्या खोलीत, दाराआड, त्याचे चघळण्याचे खेळणे घेऊन बसायचे. टेबलाखाली पडणाऱ्या तुकड्यांची स्पर्धाच मग उरत नाही. यापुढचे शिक्षण फक्त मोठ्यांनी करायचे. तो भांड्यातले खात असताना दोन-तीन पावलांच्या अंतरावरून शांतपणे जायचे, जाता जाता उकडलेल्या चिकनचा नखाएवढा तुकडा त्याच्या दिशेने टाकायचा आणि न थांबता पुढे जायचे. माणूस जवळ आले की भांड्यातले जात नाही, उलट भर पडते, हे त्याला कळायला काही आठवडे लागतात. त्याची मान ताठ होताना दिसली तर आपण फार जवळ गेलो असे समजून अंतर वाढवावे. तोंडातली वस्तू हवी असेल तर तिच्याहून चांगली वस्तू समोर धरून 'दे' म्हणावे, आणि शक्य तेव्हा घेतलेली वस्तू परतही द्यावी.

एक गोष्ट मात्र शिक्षणाने सुटणार नाही. चार वर्षे न गुरगुरलेले कुत्रे अचानक गुरगुरू लागले, तर त्याला कोठेतरी दुखत असण्याची शक्यता आधी तपासावी लागते. कानातला संसर्ग, किडलेला किंवा तुटलेला दात, खुब्याचे किंवा कोपराचे दुखणे ही लॅब्रेडॉरमधली नेहमीची कारणे आहेत, आणि 41 किलोच्या कुत्र्याचे सांधे तर मी तपासल्याशिवाय सोडणारच नाही.

ब्रूनोची रेबीजची लस दरवर्षी वेळेवर होते ना, हेही पाहून घ्यावे. घरच्या, लस दिलेल्या कुत्र्याचा दात लागून मुलाची त्वचा नुसती खरचटली, तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण 15 मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी मुलाला डॉक्टरांकडे न्यावे. जखमेवर हळद, चुना किंवा तिखट लावू नये.

आता खाण्याविषयी, कारण आपल्या घरात सर्वांत जास्त गुंता तिथे झाला आहे असे मला वाटते. आपण लिहिता की सकाळी 300 ग्रॅम कोरडे खाद्य भांड्यात टाकले तर तो हुंगून निघून जातो. पण त्याच पत्रात पुढे असेही लिहिले आहे की रात्री झोपताना भांडे रिकामे असते. म्हणजे त्याला खाद्य आवडत नाही असे नाही. सकाळच्या चहाबरोबर आजींकडून पाच-सहा बिस्किटे, नऊ वाजता साजूक तूप लावलेल्या दोन पोळ्या दुधात कुस्करून, दुपारी मुलाच्या डब्यातले उरलेले, संध्याकाळी पनीर, एवढे येणार हे ज्याला ठाऊक आहे तो सकाळी कोरड्या दाण्यांसाठी का उठेल? तो वाट पाहतो, आणि त्याच्या वाट पाहण्याचे फळ त्याला रोज मिळते.

बेरीज करून पाहू. कोरडे खाद्य साधारण 100 ग्रॅमला 350 कॅलरी धरले तर 300 ग्रॅमचे 1050 झाले. तूप लावलेली पोळी सुमारे 120 कॅलरींची, म्हणजे दोन पोळ्यांचे 240. पेलाभर म्हशीच्या दुधाचे पावणेदोनशेच्या आसपास. बिस्किटांचे दीडशे आणि पनीर व इतर तुकड्यांचे आणखी शंभर. ही बेरीज 1700 च्या पुढे जाते. ब्रूनोच्या हाडापेराकडे पाहता त्याचे योग्य वजन 32 किलोच्या जवळपास असावे. नेमका आकडा त्याला हाताने चाचपून ठरवता येईल. त्या वजनाच्या, नसबंदी झालेल्या आणि फारसा व्यायाम नसलेल्या कुत्र्याला दिवसाला साधारण 1300 कॅलरी पुरतात. वजन उतरवायचे असेल तर आम्ही योग्य वजनाच्या कुत्र्याच्या विश्रांतीतल्या गरजेपासून सुरुवात करतो. वजनाचा 0.75 वा घात काढून त्याला 70 ने गुणायचे, असा तो हिशेब आहे आणि 32 किलोसाठी तो सुमारे 940 येतो. ही दिवसाची एकूण मर्यादा समजावी, त्यात बिस्किटही आले.

इथे ब्रूनोची बाजूही मांडली पाहिजे. लॅब्रेडॉरला सगळे हावरट म्हणतात. 2016 साली केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवून दिले की या जातीतल्या सुमारे एक चतुर्थांश कुत्र्यांत 'पीओएमसी' नावाच्या जनुकाचा एक तुकडा गळालेला असतो, आणि त्यामुळे पोट भरल्याची जाणीव मेंदूपर्यंत नीट पोहोचत नाही. अशा कुत्र्याला खरोखरच भूक लागलेली असते. त्याच्याकडून संयमाची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे, संयम घरच्या माणसांनीच ठेवावा लागतो. आणि तो का ठेवावा, याचे उत्तर मी रुग्णांच्या घरच्यांना नेहमी एकाच अभ्यासातून देतो. अमेरिकेत 48 लॅब्रेडॉर पिल्लांच्या जोड्या करून, जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा 25 टक्के कमी अन्न आयुष्यभर दिले गेले. 2002 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार कमी खाणाऱ्या गटाचे मध्यम आयुष्य 13 वर्षे भरले आणि दुसऱ्या गटाचे 11.2 वर्षे, शिवाय सांध्यांची दुखणीही पहिल्या गटात उशिरा सुरू झाली. जवळजवळ दोन वर्षांचा सहवास नुसत्या भांड्यातल्या मापावर अवलंबून असतो, हे मला या सगळ्या आकड्यांहून मोठे वाटते.

प्रत्यक्षात करायचे ते असे. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर रोज सकाळी ब्रूनोचे दिवसभराचे खाद्य एकदाच मोजावे. वाटी किंवा पेल्याचे माप विश्वासार्ह नसते. वजन उतरवण्यासाठीचे खाद्य मिळते, त्यात कॅलरी कमी आणि प्रथिने व तंतू जास्त असतात; नेहमीचेच खाद्य फार कमी केले तर जीवनसत्त्वे आणि प्रथिनेही कमी पडतात, म्हणून शक्य असल्यास ते खाद्य घ्यावे आणि आठ-दहा दिवसांत जुन्यात मिसळत मिसळत पूर्ण बदलावे. मोजलेल्या खाद्यातला पाचवा हिस्सा एका बरणीत काढून ती बरणी सासूबाईंच्या हाताशी ठेवावी. दिवसभरात त्यांना ब्रूनोला जे काही द्यावेसे वाटेल ते त्या बरणीतूनच द्यायचे, एकेक दाणा, हवे तेवढ्या वेळा. आजींच्या हातून मिळाले याचा आनंद कुत्र्याला दाण्याच्या आकारावरून होत नसतो. मी हा उपाय अनेक घरांत सुचवला आहे, आणि ज्या घरात वडीलधाऱ्यांना 'देऊ नका' असे सांगितले जाते त्या घरांपेक्षा ज्या घरात त्यांच्या हाती बरणी दिली जाते तिथे कुत्र्याचे वजन लवकर उतरते, असा माझा अनुभव आहे.

उरलेले खाद्य सकाळी आणि संध्याकाळी अशा दोन वेळांत विभागावे. भांडे 15-20 मिनिटे ठेवावे, नाही खाल्ले तर काही न बोलता उचलावे आणि पुढच्या वेळेपर्यंत बरणीशिवाय काही देऊ नये. पहिले दोन-तीन दिवस तो पोळीच्या डब्यासमोर बसेल आणि तुमच्याकडे टक लावून पाहील. ते दिवस घरातल्या चौघांनी मिळून निभावून न्यायचे. मात्र 24 तासांत त्याने अजिबात काही खाल्ले नाही, किंवा उलटी, जुलाब, सुस्ती दिसली, तर तो हट्ट समजू नये आणि डॉक्टरांना दाखवावे. पोट भरल्यासारखे वाटावे म्हणून उकडलेला दुधी, फरसबी, लाल भोपळा, गाजर किंवा कच्ची काकडी मीठ आणि फोडणीशिवाय खाद्यात मिसळता येते. पोळी हे विष नाही. आठवड्यातून एखाद्या दिवशी पाव पोळी, तुपाशिवाय, हिशेबात धरून द्यायला माझी हरकत नाही. वजन आठवड्याला 400 ते 800 ग्रॅम या गतीने उतरले पाहिजे, त्याहून घाई नको. म्हणजे नऊ किलो उतरायला पाच-सहा महिने लागतील असे धरून चालावे.

घरच्या ताटातले देऊ नये, यामागे कॅलरीपेक्षाही गंभीर कारण आहे. आमटी-रश्श्यातल्या कांदा-लसणाने कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात, आणि शिजवल्याने त्यांचा हा गुण जात नाही. द्राक्षे, मनुका, बेदाणे यांनी मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात आणि किती खाल्ले तर चालेल हे सांगता येत नाही, म्हणून सत्यनारायणाच्या प्रसादाचा शिरा आणि दिवाळीचे लाडू त्याच्यापासून दूर ठेवावेत. चॉकलेट, साखरेऐवजी झायलिटॉल घातलेला च्युइंगम आणि शिजवलेली हाडे ही त्याच यादीतली. घरात सासूबाईंची गुडघेदुखीची औषधे असतील तर ती उंच जागी, बंद डब्यात ठेवावीत. आयबुप्रोफेनसारखी माणसांची वेदनाशामके कुत्र्याच्या जठरात जखमा करतात आणि मूत्रपिंडांनाही इजा करतात. तो लंगडतो म्हणून घरची गोळी देणे हा मी पाहिलेल्या सर्वांत दुःखद अपघातांपैकी एक आहे.

पंजे चाटण्याला बरेच जण कंटाळा हे कारण देतात. असे असूही शकते, परंतु पावसाळ्यात सुरू झालेले चाटणे हे मी आधी त्वचेचे दुखणे मानतो. पंजा हातात घेऊन बोटे अलगद फाकवावीत आणि उजेडात नीट पाहावे. बोटांच्या बेचक्यातली कातडी लाल, ओलसर आणि आंबूस वासाची असेल, केस लाळेने तांबूस-तपकिरी झाले असतील, तर बुरशी धरली असण्याची शक्यता मोठी आहे. वर्षानुवर्षे ठराविक ऋतूत हे होत असेल, कानही वारंवार बिघडत असतील, तर मुळाशी ॲलर्जी असू शकते. आणि त्याच बेचक्यात मसुराएवढी राखाडी गाठ दिसली तर ती बहुधा गोचीड असते.

आणखी एक कारण आपल्याकडच्या घरांतच सापडते, ते फिनाइलचे. रोज लादी पुसताना पाण्यात टाकलेले फिनाइल फरशीवर वाळते, पंज्यांना लागते, त्वचेला चुणचुणते आणि तो ते चाटून पोटातही घेतो. बाटलीवर लिहिलेल्यापेक्षा जास्त टाकू नये, पुसल्यावर साध्या पाण्याने पुन्हा एकदा पुसून घ्यावे आणि लादी वाळेपर्यंत ब्रूनोला दुसऱ्या खोलीत ठेवावे. फिरून आल्यावर पंजे कोमट पाण्याने धुऊन बोटांच्या मधली जागा टॉवेलने कोरडी करावी. धुण्यापेक्षा हे कोरडे करणेच जास्त महत्त्वाचे आहे. जंतुनाशक द्रव लावू नये आणि औषधाच्या दुकानातून खाजेचे मलम आणून चोळू नये. त्यांत बरेचदा स्टेरॉइड असते, तो ते चाटतो आणि तपासणीच्या वेळी खरे दुखणे झाकलेले असते.

गोचिडांविषयी थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण 'फक्त एकच सापडली' असे सांगून लोक निश्चिंत होतात. आपल्याकडची तपकिरी गोचीड घरातच संसार थाटते. रक्त पिऊन टम्म झालेली मादी कुत्र्यावरून उतरते, भिंतीवर चढते आणि दाराच्या चौकटीच्या, स्कर्टिंगच्या किंवा पलंगाच्या फटीत शिरून काही हजार अंडी घालते. अंगावर दिसते त्याच्या कितीतरी पट संख्या घरात लपलेली असते. म्हणून अंगावरचे औषध, मग ते मानेवर टाकायचे थेंब असोत की महिन्याची किंवा तीन महिन्यांची चघळायची गोळी, वर्षभर न चुकवता द्यावे लागते, आणि त्याचबरोबर फटीही साफ कराव्या लागतात. गोळीचा प्रकार डॉक्टरांनीच ठरवावा, कारण ज्या कुत्र्याला कधी फिट आली आहे त्याला यातल्या काही गोळ्या देताना विचार करावा लागतो. गोचीड काढताना चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ ओढावी. रॉकेल लावू नये, नखाने चिरडू नये. गोचिडीमुळे होणाऱ्या तापात कुत्रे खाणे सोडते, मलूल होते, हिरड्या पांढुरक्या पडतात. कधी नाकातून रक्त येते, कधी लघवी गडद होते. यातले काहीही दिसले तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये. पावसाचे साचलेले पाणी पिऊ देऊ नये, कारण उंदरांच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिस होतो आणि तो माणसांनाही लागतो; त्याची लस घेतली आहे का, हे ब्रूनोच्या लसीकरणाच्या पुस्तिकेत पाहावे.

भुंकण्याबाबत अंदाज न बांधता आधी पुरावा मिळवावा. जुना मोबाइल दिवाणखान्यात उभा करून चार ते सहा या वेळेचे चित्रीकरण करा. लिफ्टचे दार वाजले, कोणी जिन्यातून गेले की तो उठून भुंकतो आणि मधल्या वेळात झोपतो, असे दिसले तर तो राखण करतो आहे. दार बंद झाल्यापासून अर्ध्या तासातच धापा टाकतो, लाळ गाळतो, दार ओरबाडतो, ये-जा करत रडल्यासारखा आवाज काढतो, असे दिसले तर त्याला एकटेपणाची खरी भीती आहे. दोहोंवरचे उपाय वेगळे आहेत आणि चित्रीकरणाशिवाय मी स्वतःही निदान करत नाही.

आपण लिहिले आहे की सासूबाई जाताना हवा खेळती राहावी म्हणून लाकडी दार उघडे ठेवून फक्त जाळीचे सेफ्टी डोअर लावतात, आणि ब्रूनो तिथेच बसतो. त्यावरून मला पहिली शक्यता अधिक वाटते. लिफ्टमधून उतरणारे प्रत्येक माणूस त्याच्या भुंकण्यानंतर पुढे निघून जाते, म्हणजे त्याच्या दृष्टीने त्याचे भुंकणे रोज यशस्वी होते. लाकडी दार बंद करावे, त्याचे अंथरूण आतल्या खोलीत हलवावे, पंखा आणि हलक्या आवाजात रेडिओ चालू ठेवावा. सासूबाई निघण्यापूर्वी कोणीतरी त्याला वीस मिनिटे खाली नेऊन मनसोक्त हुंगू द्यावे. निघताना संध्याकाळच्या खाद्यातला काही भाग रबरी पोकळ खेळण्यात भरून किंवा जुन्या टॉवेलच्या घड्यांत गुंडाळून द्यावा. शोधून खाण्यात त्याचा अर्धा तास जातो आणि मग तो दमून झोपतो. चित्रीकरणात भीती दिसली तर मात्र त्याला एकदम दोन तास एकटे ठेवणे थांबवावे लागेल; एका मिनिटापासून सुरुवात करून वेळ हळूहळू वाढवावी लागेल, आणि गरज पडल्यास औषधही द्यावे लागेल. भुंकल्यावर विजेचा झटका देणारे पट्टे ऑनलाइन मिळतात. भ्यालेल्या कुत्र्याला त्याने आणखी भीती वाटते, राखण करणाऱ्याला माणसांचा राग येऊ लागतो. ते घेऊ नयेत.

सोसायटीच्या नोटिशीबद्दल कायद्याची स्थिती स्पष्ट आहे. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने 2015 साली काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार सर्वसाधारण सभेने बहुमताने ठराव केला तरी सोसायटीला कुत्रे पाळण्यावर बंदी घालता येत नाही, आणि लिफ्ट वापरण्यासही मनाई करता येत नाही. हे सेक्रेटरींना लेखी कळवावे. मात्र त्याच सूचनांत मालकांनी कुत्र्याला पट्ट्यात ठेवावे, घाण स्वतः उचलावी, शेजाऱ्यांना त्रास होऊ नये याची काळजी घ्यावी, हेही आहे. महापालिकेचा परवाना आणि लसीकरणाची प्रत पत्राला जोडावी. लिफ्टमध्ये कोणी आधीच असेल तर विचारून आत जावे, ब्रूनोला कोपऱ्यात, आपल्या पायांमागे उभे करावे. 41 किलोच्या कुत्र्याची एखाद्याला भीती वाटणे स्वाभाविक आहे आणि त्या माणसाला आपण जेवढा मान देऊ तेवढी आपली बाजू भक्कम होते. भुंकण्यावर काय उपाय सुरू केला आहे, हे शेजाऱ्यांना स्वतः जाऊन सांगावे.

फिरण्याविषयी थोडेच सांगायचे आहे. सध्या त्याला पळवू नका, चेंडूमागे उड्या मारायला लावू नका. इतक्या वजनावर ते सांध्यांना झेपणार नाही. सकाळी आणि संध्याकाळी अर्धा-अर्धा तास सपाट रस्त्यावर, पट्टा सैल ठेवून, त्याच्या नाकाच्या चालीने चालावे. फिरताना हुंगण्यातच त्याचे मन भरते. दर पावलाला ओढून पुढे नेले तर पाय दमतात, मन मात्र तसेच राहते. उन्हाळ्यात डांबरी रस्त्यावर हाताची मागची बाजू पाच-सात सेकंद टेकवता येत नसेल तर पंजेही टेकवू नयेत. घरातल्या चकचकीत टाइल्सवर तो उठताना मागचे पाय घसरतात का, याकडे लक्ष द्या. चालताना नखांचा टकटक आवाज येत असेल तर नखे वाढली आहेत; ती कापावीत, पंज्यांच्या गाद्यांमधले केसही कापावेत, आणि त्याच्या अंथरुणापासून भांड्यापर्यंतच्या वाटेवर जुन्या योगा मॅट अंथराव्यात.

ट्रेनरचा विचार तपासणीनंतर करू. येताना तीन दिवसांची खाण्याची नोंद आणावी, चौघांनी वेगवेगळ्या अक्षरात लिहिलेली असली तरी चालेल. त्याबरोबर दुपारचे चित्रीकरण आणि पंज्यांची उजेडात काढलेली छायाचित्रे. त्या दिवशी त्याचे वजन, कान, दात आणि सांधे पाहून रक्ताची तपासणी करावी लागेल. त्यात रक्तपेशी, यकृत आणि मूत्रपिंडांबरोबर थायरॉइडही पाहू, कारण त्या ग्रंथीचे काम मंदावले तर मोजून खाणारे कुत्रेही जाड होते आणि त्याची त्वचा बिघडते. त्यानंतरही गुरगुरणे उरले तर घरी येऊन, चौघांनाही समोर बसवून शिकवणारा ट्रेनर शोधावा. जो गळफासाची साखळी वापरतो किंवा कुत्र्याला महिनाभर स्वतःकडे ठेवून 'तयार करून' परत देतो म्हणतो, त्याच्याकडे ब्रूनोला देऊ नये.